निसर्गाची वकिली, कोणाच्या जिवावर?

जनुकीय उपचारांचा विषय निघाला की आपल्याकडच्या सुशिक्षित मंडळींचा आवाज एकदम खोल जातो. चेहऱ्यावर चिंतन पसरतं आणि मग ठरलेली वाक्यं येतात. “माणसाने निसर्गात इतकी ढवळाढवळ करू नये.” “आज रोग बरा करतील, उद्या निळ्या डोळ्यांची मुलं मागणीनुसार बनवतील.” “ही वाट शेवटी हिटलरकडेच जाते.” आणि आभारप्रदर्शनाच्या जरा आधी, “आपल्यासारख्या देशात आधी पिण्याचं पाणी द्या, मग जनुकं बघू.” चारही वाक्यांना टाळ्या हमखास. व्याख्यानमालांत, परिसंवादांत, वक्तृत्व स्पर्धांत (‘विज्ञान : शाप की वरदान’ हा विषय अजून सेवानिवृत्त झालेला नाही) हीच चार नाणी वर्षानुवर्षं फिरताहेत. बोलणाऱ्याला आपण फार दूरदृष्टीचे, फार जबाबदार आहोत असं वाटतं. मला त्यात निव्वळ आळस दिसतो. आणि या आळसाची किंमत व्यासपीठावरचा माणूस मोजत नाही, ती भलत्यालाच मोजावी लागते.

हा भलता कोण, ते आधी पाहू. हवेत तलवारी फिरवण्यापेक्षा एका रोगाचं नाव घेऊन बोलू. सिकलसेल. क्रिस्पर तंत्राने जनुकात बदल करून दिला जाणारा जगातला पहिला मंजूर उपचार याच रोगावरचा आहे, आणि हा रोग आपल्या अंगणातला आहे. नंदुरबारचे भिल्ल-पावरा, मेळघाटातले कोरकू, गडचिरोलीतले गोंड-माडिया, विदर्भातला बौद्ध समाज, यांच्यात तो पिढ्यानपिढ्या आहे. वक्तृत्व स्पर्धांचे परीक्षक ज्या घरांतून येतात तिथे तो सहसा नसतो. योगायोग म्हणा.

या रोगात घडतं काय? हिमोग्लोबिनच्या एका साखळीची कृती सांगणाऱ्या जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं, ‘ए’च्या जागी ‘टी’. त्यामुळे साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसतं. ऑक्सिजन सोडून दिला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याचे दांडे तयार होतात आणि गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. फुटायच्या आधी बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसते आणि पुढच्या भागाचं रक्त तोडते.

हे झालं पुस्तकातलं. घरात ते असं दिसतं : मूल सहा-आठ महिन्यांचं होईतो हसतंखेळतं असतं, आणि एके दिवशी त्याचे हातापायाचे पंजे सुजतात. बोटं टरटरून फुगतात, ते कुणाला हात लावू देत नाही. मोठं झालं की कळा हाडांत जातात. पावसात भिजलं, ताप आला, उन्हात राबताना पाणी कमी पडलं, एवढं निमित्त पुरतं. कळ आली की अंगावरची गोधडीसुद्धा सोसत नाही. डोळे पिवळे दिसतात म्हणून आधी काविळीचा झाडपाला होतो. शाळा बुडते. काही मुलांना पक्षाघाताचा झटका येतो. पंचविशीत खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते मरतं आणि माणूस लंगडायला लागतो. बरं, दोन कळांच्या मधे हा माणूस बाहेरून धडधाकट दिसतो. म्हणून मजुरीला गेला नाही की ‘कामचुकार’, आणि दवाखान्यात वारंवार वेदनाशामक मागितलं की ‘याला इंजेक्शनची सवय लागलीय’.

या माणसासमोर उभं राहून पहिलं वाक्य म्हणायचं आहे : निसर्गात ढवळाढवळ नको.

का नको? हे अक्षर बदललं ते निसर्गानेच. टिकलं कशामुळे, तेही ठाऊक आहे. ॲलिसन या संशोधकाने १९५४ साली दाखवून दिलं की बदललेलं जनुक एकाच पालकाकडून आलेलं असेल तर ते मलेरियापासून संरक्षण देतं. दोघांकडूनही आलं तर सिकलसेल. दोन्ही पालक वाहक असतील तर सरासरीने चार मुलांत दोघांना मलेरियाविरुद्ध कवच, एक साधं, आणि एकाच्या नशिबी आयुष्यभराच्या कळा. पिढ्यांच्या हिशेबात निसर्गाला हा सौदा परवडला. त्या चौथ्या मुलाच्या आईला तो परवडतो का, हे निसर्गाने विचारलेलं नाही. त्याच्या वकिलांनी तरी विचारावं! निसर्गाला नीती नसते, दुष्टपणाही नसतो. त्याला कशाचंच सोयरसुतक नसतं. मग त्याच्या वतीने आपण एवढं हळवं का व्हायचं?

आणि या उपचारात ‘ढवळाढवळ’ म्हणतात ती आहे तरी काय? गर्भात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. ते बनवायला लागणाऱ्या साखळ्यांत ही चूक नसते, म्हणून तर जन्मानंतरचे काही महिने मूल ठीक असतं. पुढे बीसीएल११ए नावाचं जनुक ते गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जवळजवळ बंद करतं आणि सदोष हिमोग्लोबिनचा अंमल सुरू होतो. काही मोजक्या माणसांत ते बंद होतच नाही, आणि अशांना सिकलसेलचं जनुक असूनही रोग फारसा छळत नाही. डॉक्टरांनी हे पाहिलं आणि तेच घडवून आणलं. ‘कॅसजेव्ही’ या उपचारात रुग्णाच्याच रक्तातल्या मूळपेशी काढतात, क्रिस्परने बीसीएल११एचं रक्तपेशींपुरतं चालणारं बटण कापतात आणि त्या पेशी त्यालाच परत देतात. परक्या प्राण्याचं, परक्या माणसाचं जनुक त्यात नाही. रुग्ण स्वतःच्याच पहिल्या काही महिन्यांतलं रक्त परत मिळवतो. निसर्गाचा एवढा आदर तर निसर्गप्रेमी मंडळींच्या स्वयंपाकघरातही होत नसेल.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने या उपचाराला मान्यता दिली. अमेरिकी नियामकांसमोर आलेल्या आकडेवारीत, पुरेसा काळ पाहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग वर्षभर एकही तीव्र कळ आली नाही. उपचार सोपा नाही, आणि तो सोपा आहे असं सांगणाऱ्यालाही मी जवळ उभं करणार नाही. आधी बुसल्फान नावाच्या जहाल औषधाने जुनी अस्थिमज्जा मारून टाकावी लागते, काही आठवडे रुग्णालयात काढावे लागतात, मूल होण्याची क्षमता जाण्याचा धोका असतो. ही जोखीम घ्यायची की कळा सोसत राहायचं, हे ठरवायचं कुणी? ज्याची हाडं दुखतात त्याने. निसर्गाला यात मत नाही आणि परिसंवादाच्या अध्यक्षांनाही नाही.

शिवाय, ढवळाढवळीचं एवढं वावडं असेल तर परिसंवादाच्या पहिल्या रांगेत बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरी फ्रिजच्या दारात इन्सुलिनची कुपी आहे, ते विचारा. १९८२ सालापर्यंत इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून यायचं. त्या वर्षी अमेरिकेत मंजूर झालेलं नवं इन्सुलिन माणसाचं जनुक जिवाणूत घालून बनवलेलं होतं, आणि आज बहुतेक सगळे तसंच इन्सुलिन टोचतात. त्याला कुणी ढवळाढवळ म्हणत नाही, कारण ते आपल्याला लागतं. मधुमेह आपल्या घरात आहे, सिकलसेल नंदुरबारमधल्या धडगावात. निसर्गाची सीमारेषा नेमकी या दोन पत्त्यांच्या मधून जाते.

‘देवाच्या कामात हात घालू नका’ ही याच युक्तिवादाची सोवळ्यातली आवृत्ती. तिच्यावर फार शाई खर्च करत नाही. भारतात देवीची पहिली लस १८०२ साली मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला टोचली गेली, तेव्हाही कोपाची भीती घातली गेली होती. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली नोंदला गेला. त्यानंतर कुणाचा कोप झाल्याचं ऐकिवात नाही.

आता हिटलर. हा युक्तिवाद सगळ्यात जड वाटतो, म्हणून तो सगळ्यात बेजबाबदारपणे वापरला जातो. सक्तीच्या नसबंदीचा नाझी कायदा १९३३ चा. त्याआधी १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनिया राज्याचा तसाच कायदा उचलून धरला होता. आपली आणीबाणीतली शिबिरं १९७६ ची. यांतल्या एकाही ठिकाणी जनुकीय तंत्रज्ञान नव्हतं. कायदा, पोलिसांची गाडी आणि शस्त्रक्रियेचं टेबल एवढ्यावर भागलं. माणसं निवडून खुडायची असली की राज्यसत्तेला प्रयोगशाळा लागत नाही. अमुक प्रकारच्या माणसाने जन्माला येऊ नये, आलाच तर त्याला मूल होऊ नये, हा त्या विचाराचा गाभा. उपचाराचा गाभा नेमका उलटा : हा माणूस जन्माला आलेला आहे, तो नीट जगला पाहिजे. या दोघांना एकाच पिंजऱ्यात उभं करणाऱ्याने एकदा तरी दोन्ही वाक्यं शेजारी लिहून पाहावीत.

आणि खरोखरच ती छाया शोधायची असेल, तर ती कुठे पडते ते दाखवतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल इथे सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत रोगाचं उच्चाटन, असं त्याचं लक्ष्य. तपासणी हवीच, आपण वाहक आहोत हे कळण्याचा हक्क प्रत्येकाला आहेच. पण तपासणीनंतर हाती येणाऱ्या कार्डाचा गावात पोहोचणारा निरोप काय? वाहकाने वाहकाशी लग्न करू नये. केलंच तर गर्भाची तपासणी करावी, आणि पुढे काय करायचं ते समजून घ्यावं. म्हणजे ‘उच्चाटन’ कशाने साधायचं, तर रोगी मूल जन्मूच न देण्याने. मुलीच्या हातात ‘वाहक’ असं लिहिलेलं कार्ड पडलं की तिच्या लग्नाच्या बैठकीत काय होतं, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही. मुलाचं कार्ड घरच्या ट्रंकेत राहतं. हे सगळं चालू असताना आमच्या नीतिचिंतकांना हिटलर आठवत नाही. तो आठवतो फिलाडेल्फियातल्या किंवा लंडनमधल्या रुग्णालयात, जिथे जन्मलेल्या माणसाला बरं करण्याची खटपट चाललेली असते!

परवडणारा, खात्रीचा उपचार हातात आला तर काय होईल? एकमेकांना पसंत असलेले दोन वाहक निर्धास्त लग्न करतील. मूल ग्रस्त निघालं तर त्याच्यावर उपचार होईल. ‘तुम्ही जन्म देऊ नका’ हे वाक्य सरकारी समुपदेशकाच्या तोंडून हद्दपार होईल. हिटलरच्या वाटेवरचा याहून पक्का अडसर मला तरी माहीत नाही. दिव्यांगांच्या चळवळीतले काही जण म्हणतात की ‘बरं करा, बरं करा’च्या गजरात आहे तसं जगण्याचा आमचा मान कमी होतो. त्यांचं मी ऐकतो, कारण ते स्वतःच्या देहाबद्दल बोलतात आणि सोबत रॅम्प, नोकरी, सवलत मागतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला तो अशाच मागण्यांच्या जोरावर. त्यांचं म्हणणं उसनं घेऊन दुसऱ्याचा उपचार अडवणाऱ्यांचं मात्र ऐकवत नाही.

राहिली मागणीनुसार बनवलेली बाळं. इथे एक फरक गाळला जातो, आणि तो अज्ञानाने गाळला जातो की सोयीने, हे मला अजून कळलेलं नाही. रुग्णाच्या रक्तपेशींतला बदल त्याच्याबरोबर संपतो, मुलाबाळांत उतरत नाही. भ्रूणात केलेला बदल पुढच्या पिढ्यांत जातो. दुसरी गोष्ट भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध आहे, आणि आज ती निषिद्ध असणंच योग्य आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. चीनमध्ये हे जियानकुई या संशोधकाने २०१८ साली तो उद्योग केला, जुळ्या मुली जन्माला घातल्या. टाळ्या मिळाल्या का? जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्याला फाडून खाल्लं आणि त्याच्याच देशाने २०१९ च्या डिसेंबरात त्याला तीन वर्षांची कैद सुनावली. त्याच्याही कितीतरी आधी, १९७५ साली कॅलिफोर्नियात असिलोमार इथे, जनुकं जोडण्याचं तंत्र नुकतंच हाती आलेलं असताना, शास्त्रज्ञांनी आपणहून हात आवरून नियम ठरवले होते. ब्रेक नसलेली गाडी म्हणून जिची भीती घातली जाते, तिचे चालकच पन्नास वर्षं ब्रेकवर पाय ठेवून आहेत.

बरं, बनवणार काय? उंचीचंच घ्या. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पन्नास लाखांहून अधिक माणसांच्या अभ्यासात उंचीशी निगडित अशा सुमारे बारा हजार जागा जनुकसंचात सापडल्या. सिकलसेलमध्ये एक अक्षर. एक अक्षर दुरुस्त करता येतं म्हणून बारा हजार जागांची जुळवणी करून कुणी आइन्स्टाइन घडवेल, ही भीती कादंबरीला शोभते, धोरणाला नाही.

तरीही गैरवापर होईलच, असं म्हणता? होऊ शकतो. आपल्याइतका ताजा अनुभव कुणाला? गर्भजलपरीक्षेचा मुलगी मारण्यासाठी उपयोग आपणच केला, तोही मुंबईसारख्या शहरात राजरोस. मग काय केलं? मुंबईतल्या स्त्री-संघटना आणि डॉक्टर रस्त्यावर आले, १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला, १९९४ साली केंद्राने केला. तो कायदा पुरेसा पाळला जात नाही, हे खरं. पण म्हणून सोनोग्राफीचं यंत्र समुद्रात बुडवा, असं कुणी शहाण्याने म्हटलं का? ते यंत्र नसतं तर किती बाळंतिणी गेल्या असत्या! गैरवापर करणाऱ्याला पकडायचं असतं. रुग्णाला पकडून ठेवण्यात कसली नीती?

आणि आता चौथं, सगळ्यात लाडकं वाक्य. आधी पाणी द्या, मग जनुकं. ऐकायला किती समाजवादी! पण हे वाक्य रक्तदाबाच्या गोळीला, बायपासला, गुडघे बदलण्याला कधी लावलेलं ऐकलंत? गरिबाच्या वाट्याचं काही महागडं दिसलं की तेव्हाच पाण्याची आठवण येते. पाणी हवंच. पण धडगावच्या मुलाने नळ येईपर्यंत कळा सोसाव्यात, हा कोणता न्याय? पाणी आल्यावर त्याच्या जनुकातलं अक्षर बदलणार आहे का?

‘आपल्याला परवडणार नाही’ हेही आपण पूर्वी ऐकलंय. एचआयव्हीची औषधं वर्षाला दहा-बारा हजार डॉलरना मिळत होती तेव्हा ती आफ्रिकेसाठी नाहीतच, असं प्रतिष्ठित लोक गंभीर चेहऱ्याने सांगत. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरना देऊ केली. पेशींचा उपचार गोळीसारखा छापून काढता येत नाही, मान्य. पण आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून उभी राहिलेली ‘नेक्सकार१९’ ही कर्करोगावरची पेशी-उपचारपद्धती २०२३ साली मंजूर झाली, आणि तिचा खर्च अमेरिकेतल्या तशाच उपचाराच्या साधारण एक दशांश आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हिमोफिलियाच्या पाच रुग्णांवर जनुकीय उपचार करून २०२४ साली निष्कर्ष जाहीर केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेचा सिकलसेलवरचा क्रिस्पर उपचार ‘बिरसा १०१’ या नावाने जाहीर झाला आणि त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटकडे सोपवलं गेलं. घोषणा झाली म्हणजे उपचार मिळाला असं नव्हे. पण ‘हे आपलं काम नाही’ म्हणण्याचे दिवस गेले, एवढं नक्की.

नीतीचा प्रश्न नाही, असं मी म्हणतच नाही. तो प्रचंड आहे, आणि ही चार वाक्यं त्याच्याच वाटेत आडवी पडलेली आहेत. कॅसजेव्हीची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे मंजुरीच्या वेळच्या दराने १८ कोटींच्या घरात. आयुष्मान भारतचं कवच कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचं. मधल्या दरीला कुणी नीतिशास्त्र म्हणत नाही, त्याला ‘बाजारभाव’ म्हणतात आणि पुढे जातात. चाचण्या होतील तेव्हा संमतिपत्र पावरी किंवा माडिया बोलणाऱ्या बापाला त्याच्या भाषेत कोण समजावणार? बुसल्फानने मूलबाळ होण्याची शक्यता जाऊ शकते, हे एकोणीस वर्षांच्या मुलीला कुणी आणि कसं सांगायचं, तिची बीजांडं आधी जपून ठेवण्याचा खर्च कोण देणार? सात कोटी लोकांच्या रक्ताच्या नोंदी कुणाच्या संगणकात राहणार? आणि या उपचारांची वाट पाहत असताना हायड्रॉक्सीयुरिया ही साधी, जुनी, कळा कमी करणारी गोळी तालुक्याच्या रुग्णालयात बाराही महिने असते का?

हे प्रश्न विचारायला निसर्ग, देव आणि हिटलर लागत नाहीत. माहितीचा अधिकार लागतो, अंदाजपत्रक वाचावं लागतं, आमदाराला गाठावं लागतं. त्याला टाळ्या पडत नाहीत, म्हणून ते कुणी विचारत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी व्यासपीठावर जनुकीय नीतीवर बोलायला उभे राहणाऱ्यांना एवढंच सांगणं : ‘बिरसा १०१’ची रुग्णाच्या खिशातून जाणारी किंमत किती असेल, तो उपचार शासकीय योजनेत कधी येईल आणि महाराष्ट्रातल्या कोणत्या सरकारी रुग्णालयात मिळेल, ही तीन उत्तरं केंद्र आणि राज्य सरकारकडे लेखी मागा. मागणार नसाल, तर निदान रुग्णाच्या वाटेतून बाजूला व्हा.